दाजींच्या घराचा हादरा

सांगलीत विश्रामबागेतल्या ज्या कॉलेजात मी मोजमापाची उपकरणं शिकवतो, तिथल्या लॅबमध्ये दरवर्षी नवी पोरं विजेची लहर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपसमोर उभी राहतात आणि पहिल्या पाच मिनिटांत ‘ऑटो’ लिहिलेलं बटण शोधून काढतात. ते दाबलं की पडद्यावर लहर आपोआप स्थिर होते आणि पोरांना वाटतं, झालं काम. मग मी चिडतो. चिडण्यात माझा हात धरणारा आमच्या डिपार्टमेंटमध्ये दुसरा कुणी नाही. मी म्हणतो, अरे बाबांनो, रोज येणारी लहर कुणीही पकडेल. जी एकदाच येते आणि जाते, ती कशी पकडणार? तिच्यासाठी ट्रिगर लावावा लागतो.

ट्रिगर समजवायला मी दुधाचं उदाहरण द्यायचो. गॅसवर दूध ठेवलं की माणूस इकडची तिकडची कामं करतो, पण एक डोळा पातेल्यावर असतो. साय चढत चढत काठाला लागली की हात आपोआप बटणाकडे जातो. उपकरणाचंही तसंच. ते सारखं बघत असतं, पण काही जपून ठेवत नाही. आपण त्याला एक पातळी ठरवून द्यायची. सिग्नल त्या पातळीच्या वर गेला की ते जागं होतं, आणि विशेष म्हणजे त्याच्या आधीचे काही सेकंदही त्याच्याजवळ शिल्लक असतात. आधीचं थोडं आणि नंतरचं थोडं मिळून एक नोंद होते. पातळीच्या खालचं सगळं ते टाकून देतं. हे शेवटचं वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

माझी थोरली बहीण कवठे महांकाळच्या बाजूला एका वस्तीवर दिली आहे. तिला आम्ही आक्का म्हणतो. आम्ही कुंडलचे, उसात वाढलेले. आक्काच्या सासरी बघावं तिकडं माळ आणि मुरूम. लग्न ठरलं तेव्हा आमच्या आईनं नाक मुरडलं होतं, पण नवरा मुलगा फौजेत आहे म्हटल्यावर वडलांनी मागंपुढं पाहिलं नाही. ते आमचे दाजी. बोलणं कमी, काम जास्त. सीमेवर कुठंतरी कड्यावरून घसरून पडले, तेव्हापासून डावा पाय जरा ओढत चालतात.

दाजींनी घर बांधलं ते सुट्ट्यांमध्ये. एका सुट्टीत पाया खणला, पुढच्या सुट्टीत जोत्यापर्यंत आले, त्याच्या पुढच्या सुट्टीत भिंती. गवंडी ठरलेला एकच आणि त्याच्या हाताखाली बिगारी म्हणून स्वतः दाजी. विटा भिजवणं, सिमेंट कालवणं, भिंतीवर पाणी मारणं, सगळं त्यांनी केलं. माणसं सुट्टीत आराम करतात, आमचे दाजी घमेली उचलायचे. आक्का म्हणायची, ‘‘ह्येनी सुट्टीवर येत्यात का रोजगारावर, त्येच कळंना.’’ पण स्लॅब पडला त्या दिवशी तिनं सगळ्या वस्तीला जेवायला घातलं होतं. निवृत्त होऊन आल्यावर दाजी कुठल्याही पाहुण्याला आधी घर दाखवायचे आणि मग पाणी द्यायचे.

रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि वस्तीच्या मागच्या टेकडीला खडीचा क्रशर आला. खडी पाहिजे म्हणजे दगड पाहिजे, आणि दगड पाहिजे म्हणजे सुरुंग आलेच. सुरुंग उडवायच्या आधी खाणीतून भोंगा वाजायचा. मग काही मिनिटं शांतता, आणि मग पायाखालची जमीन एकदम दचकायची. पहिल्या उन्हाळ्यात आक्काच्या सोप्याच्या, म्हणजे पुढच्या खोलीच्या, भिंतीला केसाएवढा तडा गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्यात नख जायला लागलं. मग बोट. वस्तीवरच्या बाकीच्या घरांचीही तीच गत होती, पण बहुतेक घरांतली पोरं क्रशरवरच कामाला, त्यामुळं तोंड उघडायला कुणी तयार नव्हतं. दाजींनी एकट्यानं अर्ज केला. खाणीच्या परवान्याची मुदत संपत आली होती, नवा परवाना मिळायच्या आत हरकत नोंदवली तर काम थांबू शकतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

तालुक्याच्या ऑफिसात साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, ‘‘हादरा किती बसतो, याचं काही मोजमाप आहे का? नियमात मर्यादा ठरलेली आहे. त्याच्या वर गेला तर आम्हाला काहीतरी करता येईल.’’ दाजींनी बाहेर येऊन तिथूनच मला फोन लावला.

‘‘पाव्हणं, तुमी त्येच शिकिवता न्हवं का, मोजायचं?’’

‘‘व्हय की.’’

‘‘मग आमचं घर मोजा.’’

मला त्या फोनचा किती आनंद झाला ते काय सांगू. इतकी वर्षं मी जे शिकवलं ते पोरांच्या जर्नलात गेलं आणि जर्नलं रद्दीत गेली. आज पहिल्यांदा माझ्या विद्येला कुणाच्या तरी घरचं काम आलं होतं. आमच्या लॅबमध्ये सिग्नल साठवणारं उपकरण होतं, जुना लॅपटॉप होता, पण जमिनीचा हादरा ओळखणारा सेन्सर नव्हता. तो साताऱ्याच्या एका कॉलेजात माझ्या मित्राकडे होता. एसटीनं साताऱ्याला गेलो, मित्रानं तो तांब्याएवढा डबा माझ्या हातात दिला आणि बजावलं, ‘‘प्रॅक्टिकल परीक्षेच्या आत परत आण. हा पडला-झडला तर माझी नोकरी जाईल.’’ परतीच्या प्रवासात मी तो मांडीवर धरून बसलो होतो. शेजारच्या बाईनं विचारलं, ‘‘अस्थी हायत का?’’

आक्काच्या सोप्यात, तडा गेलेल्या भिंतीच्या बुडाशी, चिकणमातीचा थर देऊन मी तो सेन्सर फरशीला बसवला. वायर खोलीत नेली, कपाटावर उपकरण आणि लॅपटॉप मांडला. आता पातळी ठरवायची होती. पहिल्या दिवशी मी ती फार खाली ठेवली आणि संध्याकाळपर्यंत नोंदींचा खच पडला. आक्कानं खलबत्त्यात लसूण कुटला, नोंद. म्हशीनं भिंतीला अंग घासलं, नोंद. दारावरून ट्रॅक्टर गेला, नोंद. आक्का म्हणाली, ‘‘ह्ये मशीन हाय का सासू?’’ मग मी पातळी चढवली. आणखी एक केलं. एका सुरुंगाच्या दहा नोंदी होऊ नयेत म्हणून, एकदा नोंद झाली की उपकरणानं अर्धा तास गप्प राहायचं, अशी सोय केली. सगळं नीट लावल्यावर मी दोघांना समोर बसवून सांगितलं, ‘‘ही वस्तू दुसऱ्याची हाय. सातारची. लय महाग हाय. लय जपायची.’’ दाजी ताठ उभे राहून ऐकत होते. म्हणाले, ‘‘काळजी करू नगा पाव्हणं. जीव गेला तरी वस्तूला धक्का लागू देत न्हाई.’’

पुढच्या रविवारी मी गेलो आणि लॅपटॉप उघडला तर जवळजवळ रोज एक नोंद. आणि केवढी! लहर पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन थडकली होती. मर्यादा कुठल्या कुठं मागं राहिली होती. मी ओरडलो, ‘‘दाजी, घावलं!’’ दाजी लंगडत आत आले, त्यांनी पडद्याकडे बघितलं, त्यांना त्यातलं काही कळलं नसणार, पण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. आक्कानं शिरा केला. त्या दिवशी नुसत्या बोलण्यात आम्ही तिघांनी त्या क्रशरला पार बंद पाडून, टेकडीवर झाडं लावून टाकली.

लहर पडद्याबाहेर जाते म्हणजे तिची खरी उंची कळत नाही, आणि अशी नोंद ऑफिसात चालणार नाही. म्हणून मी मोजायचा पल्ला वाढवून दिला आणि सांगलीला परतलो. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. आणखी वाढवला. तरी तेच. नोंदींच्या वेळाही आक्कानं सांगितलेल्या भोंग्याच्या वेळांशी जुळत होत्या, सुरुंगाच्या नव्हे, पण लॅपटॉपचं घड्याळ जुनं आहे, मागं पडत असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या आठवड्यांत खाणीत नवी कड फोडायचं काम चाललं होतं. आक्का सांगायची, ‘‘आवाज असला की कान धरावं लागत्यात बघ.’’ मी म्हणायचो, वाजू दे. जितका मोठा वाजंल तितकं आपल्याला चांगलं.

एके दिवशी लॅबमध्ये पोरं गेल्यावर मी त्या नोंदी मोठ्या करून बघत बसलो. सुरुंगाचा हादरा एकदम येतो आणि मग हळूहळू विरतो. इथं तसं नव्हतं. लहर वेडीवाकडी उसळत होती आणि मग एकदम मेल्यासारखी सपाट होत होती. मी त्याच्या आधीचे सेकंद बघितले, पातळी ओलांडण्यापूर्वीचे. तिथं लहान लहान ठोके होते. ते मोठे होत जवळ येत होते. एक जोरात, एक हलका. एक जोरात, एक हलका. दुसरी नोंद उघडली, तिथंही तेच. तिसरी उघडली. मग मी खुर्चीत मागं टेकलो. ती चाल मी दाजी फौजेतून आल्यापासून ओळखतो. ते दाजी चालत येत होते.

तरी मला कळेना, ते रोज भोंग्याच्या वेळेला तिथं कशाला येतात. फोनवर विचारण्यासारखी गोष्ट नव्हती. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि वस्तीवर गेलो. कशाला आलो ते न सांगता सोप्यात बसून राहिलो. दुपार कलल्यावर भोंगा वाजला.

जे मी पाहिलं ते त्या वस्तीवर घराघरांत रोज होत होतं, आणि मला, ज्याची बहीण तिथं नांदते त्याला, ते माहीत नव्हतं. कारण मी रविवारी जायचो आणि रविवारी खाण बंद असायची. भोंगा झाला तशी आक्का हातातलं काम टाकून उठली. मांडणीवरची भांडी खाली उतरवली. काचेच्या बरण्या काढल्या. देवाच्या तसबिरी काढल्या, टीव्ही काढला, आणि सगळं नेऊन पलंगावर वाकळांमध्ये गुंडाळून ठेवलं. लहान पोर झोपवावं तसं. तिच्या हालचालीत घाई नव्हती. म्हशीचं दावं सोडून दाजी आत आले. एक पाय जोरात, एक हलका. भिंतीशी वाकले, दोन्ही हातांनी सेन्सर मातीतून अलगद उचलला, आपल्या फौजेतल्या कांबळ्यात गुंडाळला आणि देवांच्या शेजारी ठेवला. मग मला म्हणाले, ‘‘चला पाव्हणं, भायेर हुबं ऱ्हाऊ.’’

मी जागचा हललो नाही. दाजींनी माझा दंड धरून मला अंगणात काढलं, आणि तेवढ्यात सुरुंग उडाला. पायांतून वर छातीपर्यंत काहीतरी गेलं. खिडकीची तावदानं वाजली, तड्यातून चुन्याची भुकटी खाली ओघळली. इतका मोठा हादरा मी आयुष्यात अनुभवला नव्हता. आणि कपाटावरचं माझं उपकरण त्या वेळी अर्धा तास विश्रांती घेत होतं. त्यानं थोड्या वेळापूर्वीच दाजींच्या हातांची नोंद करून घेतली होती.

मग मात्र मी तोंड सोडलं. दाजींना नाही नाही ते बोललो. अहो, तो उचलायचा असतो का, त्याच्यासाठीच तर तो ठेवलाय, हादरा बसावा म्हणून! दाजी ऐकत राहिले. त्यांचा चेहरा कसा होता ते मी लिहीत नाही. माझं बोलून संपल्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘‘तुमीच म्हणाला हुता, दुसऱ्याची वस्तू हाय, जपा. आमचं घर फुटलं तर फुटंल. लोकांची वस्तू कशी फुटू द्यायची?’’ आणि वर म्हणाले, ‘‘पर परत ठिवताना रोज खडूनं आखलेल्या जागंवरच ठिवलं बगा. येक सूत हललं न्हाई.’’ मी खाली बघितलं तर खरंच फरशीवर खडूचा गोल होता, अगदी नेटका.

त्या आठवड्यांतले सगळे मोठे सुरुंग गेले होते. त्यातला एकही माझ्याकडे नव्हता. माझ्याकडे होती एका माणसाची चाल आणि त्याच्या हातांची हालचाल.

त्या दिवसापासून मी रजा वाढवून वस्तीवरच राहिलो. दाजींना आणि आक्काला पुन्हा सगळं समजावलं. पण आता भोंगाच वाजेना. वस्तीवरची निम्मी पोरं क्रशरवर, कॉलेजचा मास्तर मशीन घेऊन सोप्यात बसलाय ही बातमी जायला कितीसा वेळ लागतो? खाणवाल्यांनी आधी फोडलेला दगड भरड करत दिवस काढले. मी भिंतीकडे बघत बसायचो. उपकरण बघत राहायचं आणि टाकून देत राहायचं. साताऱ्याहून मित्राचे फोन यायला लागले.

मग ऑफिसातून निरोप आला की दोन्ही बाजूंच्या समक्ष मोजणी होईल. तारीख सगळ्यांना कळवली होती. त्या दिवशी साहेब आले, खाणीचा मॅनेजर आला, तो तर इतका नम्र की दाजींच्या पाया पडायचा तेवढा राहिला. वस्ती गोळा झाली. मी सेन्सर बसवला, पातळी लावली, सगळ्यांना समजावून सांगितलं. दुधाचं उदाहरणही दिलं. साहेब म्हणाले, वा, छान सांगता. भोंगा वाजला. आक्का सवयीनं उठली, मी तिला डोळ्यांनी खूण केली, ती पदराशी चाळा करत परत बसली. सुरुंग उडाला.

मला पायालाच कळलं. ज्या हादऱ्यानं त्या दिवशी भुकटी ओघळली होती, त्याच्यापुढं हा म्हणजे कुणी शेजारच्या खोलीत पोतं टाकावं तसा होता. बार किती भरायचा ते खाणवाल्यांच्या हातात होतं, आणि त्यांनी तो बेतानं भरला होता. पडद्यावर नोंद झाली होती. फार सुंदर नोंद होती ती. एकदम आलेली, हळूहळू विरलेली, आधीची शांतता स्वच्छ. पुस्तकात छापावी अशी. आणि आकडा मर्यादेच्या बराच खाली.

मी साहेबांना सांगितलं की हा बार लहान होता. मॅनेजर म्हणाला, आम्ही रोज एवढाच भरतो. साहेबांनी मला विचारलं, ‘‘सर, तुमचं उपकरण बरोबर आहे ना? मग तुमच्याकडे याच्याहून मोठी एखादी नोंद आहे का?’’ माझ्याकडे काय होतं? मी ‘नाही’ म्हणालो. मग जी नोंद झाली तिच्यावर सही करायला सांगितली. ती खरी होती. मी केली.

निकालात खाणीवर काही ठपका आला नाही. परवाना मिळाला. एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, हरलो, चालायचंच. पण हादरा जर मर्यादेत आहे, तर भिंतीला तडा का गेला, याचंही उत्तर कुणाला तरी द्यावं लागतंच. त्यांनी ते दिलं. बांधकाम सदोष असावं, पाया पुरेसा खोल नसावा किंवा माल कमी पडला असावा. ‘असावा’ हा शब्द त्यांनी जपून वापरला होता. दाजींनी तो वाचलाच नाही. त्यांनी फक्त पाया वाचला.

त्यानंतर मी लॅबमध्ये शिकवताना पातळीपाशी आलो की अडतो. मर्यादेच्या खालचे हादरे रोज बसतात आणि रोज टाकून दिले जातात, आणि भिंतीला मात्र टाकून देता येत नाही, ती एकेक साठवत राहते. हे पोरांना सांगून उपयोग काय? परीक्षेत येत नाही. दुधाचं उदाहरण मी बंद केलं. सरळ व्याख्या सांगतो, पोरं उतरवून घेतात.

सेन्सर साताऱ्याला पोचवला. मित्रानं तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, ‘‘अरे, काय जपलायस! एक ओरखडा नाही.’’

दिवाळीच्या सुमारास आक्काचा फोन आला. ‘‘येऊन जा बाबा एकदा. ह्येंच्याकडं बघवंना.’’ एवढंच बोलली. मी भाऊबीजेची वाट न बघता गेलो. घराच्या मागच्या अंगाला मातीचा ढीग दिसला. जवळ गेलो तर जोत्याला लागून खड्डा, आणि खड्ड्यात छातीपर्यंत दाजी. हातात पहार. बाजूच्या कोपऱ्यावर असाच एक खड्डा आधी खणून उघडा ठेवलेला होता.

‘‘पाव्हणं, आलासा? ह्ये बगा,’’ त्यांनी पहार पायाच्या दगडांना लावून दाखवली. ‘‘खाली मुरूम फोडून पार खडकाला भिडवलाय. हिकडं तर बरोबर हाय. त्या कोपऱ्याला पण बरोबर निघालं. आता त्यो तिसरा कोपरा बगायचा. त्या सुट्टीला मला चार दिस कमी मिळालं हुतं. तिकडं कुटं घाई झाली आसंल.’’

‘‘दाजी, पाया चांगलाच हाय. मी सांगतो न्हवं.’’

‘‘मग तडा का गेला?’’

ते वाद घालत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. घाम पुसत माझ्याकडे बघत राहिले, वर्गात एखादा सरळ मुलगा बघतो तसे. मी म्हणालो, सुरुंगानं; ते म्हणाले, ‘‘त्यो तर तुमच्या मशीनीत मापात निघाला.’’ ते परत वाकले आणि पहार चालवायला लागले. पायाच्या कडेची माती रोज निघत होती आणि घर त्या बाजूनं उघडं पडत चाललं होतं. एवढं साधं त्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. पण स्वतःची चूक सापडेपर्यंत त्यांना थांबता येत नव्हतं.

आक्कानं मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं. तिनं चहा टाकला नव्हता, चूल थंड होती. म्हणाली, ‘‘रातच्याला झोपत न्हाईत. मधीच उठून इच्चारत्यात, त्या दिवशी सिमेट मी बरोबर कालवलं हुतं न्हवं गं? तू हुतीस न्हवं तितं? मी किती येळा व्हय म्हणू?’’ मग माझ्या शर्टाची बाही धरून म्हणाली, ‘‘तू त्यास्नी सांग, तुजं मशीन चुकलं म्हणून. तुजं ऐकत्याल. येवडं येकदा खोटं बोल की रं.’’

मी आयुष्यात उपकरणाबद्दल खोटं बोललेलो नाही. पोरांनी आकडे जुळवून आणले तर मी जर्नल फेकून देतो. पण त्या दिवशी मी बाहेर गेलो, खड्ड्याच्या काठाशी उकिडवा बसलो आणि म्हणालो, ‘‘दाजी, येक सांगायचं ऱ्हायलं हुतं. त्या दिवशी माझं मशीन चुकलं. मी सांगलीला जाऊन तपासलं. तुमचं बांधकाम बरोबर हाय. मशीनच चुकीचं हुतं.’’

दाजींनी पहार थांबवली. वर बघितलं. ते माझ्याकडे बघत होते आणि मी ढिगाऱ्याकडे.

‘‘सगळ्यांच्या म्होरं सही केलीसा, तवा बरोबर हुतं,’’ ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. ‘‘आन आज तुमच्या बहिणीनं सांगितलं म्हणून चुकीचं झालं व्हय? पाव्हणं, तुमी शिकिवणारं मानूस. माझ्यापायी तुमच्या विद्येला नावं ठिवू नगा.’’

मग त्यांनी मातीनं भरलेला हात वर केला आणि माझ्या मागं पडलेल्या टिकावाकडे बोट दाखवलं. ‘‘त्यो टिकाव द्या जरा हिकडं. हितं कठीण लागलंय.’’

मी टिकाव उचलून त्यांच्या हातात दिला.